लॅपटॉपची तबकडी बदलतांना

आमच्या घरांत हल्लीं तीन लॅपटॉप आहेत. त्यांपैकीं जो सर्वांत जुना तो आमच्या वांट्यास आला आहे. कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठीं अकरा वर्षें जमविलेलीं टांचणें, नातलगांनीं पाठविलेल्या वंशावळी आणि तीन पिढ्यांचीं छायाचित्रें त्यांत आहेत. यंत्र सुरू करून आम्हीं स्नानास जावें व स्नान आटोपून परत यावें, तरी तें कामास सिद्ध झालेलें नसे. "आजोबा, आंतली हार्ड डिस्क काढा आणि एसएसडी बसवा," असें नातू कित्येक दिवस म्हणत होता. सल्ला रास्त होता. परंतु आमच्या पुतण्याच्या लॅपटॉपचें जें झालें तें डोळ्यांपुढें असल्यामुळें आमचा हात चालत नव्हता.

२०२२ सालीं पुतण्यानें आपला लॅपटॉप एका दुकानांत देऊन त्यांत एसएसडी बसवून घेतली. घरीं आणून पाहतां विंडोज, कागद, चित्रें सर्व जागच्या जागीं. आणि उघडण्यास अर्धें मिनिटही लागेना. जुनी डिस्क दुकानदारानें पुसून ठेवून घेतली, तिकडे कोणाचें लक्षही गेलें नाहीं. पुढें सात महिन्यांनीं विंडोजची सुधारणा चालू असतां वीज गेली, बॅटरी तर जुनीच, आणि यंत्र पुन्हां उघडेना. अशा प्रसंगासाठीं निर्मात्यानें नेमून दिलेली कळ पुतण्यानें दाबून पाहिली. पडदा काळा तो काळाच. ती कळ ज्या कप्प्याचें दार उघडते, तो कप्पाच नव्या एसएसडीवर आलेला नव्हता. दुसऱ्या एका कारागिरानें विंडोज मुळापासून घातलें व त्या खटपटींत आंतील सर्व पुसलें गेलें. आमच्या वहिनींना शेजारीं बसवून सूनबाईंनीं उतरून घेतलेलीं मंगळागौरीचीं गाणीं त्यांतच होतीं. वहिनी आतां नाहींत.

हा घोटाळा समजण्यास थोडी पूर्वपीठिका हवी. लॅपटॉपमधील हार्ड डिस्क म्हणजे मिनिटास बहुधा ५४०० फेरे घेणारी, चुंबकीय लेप दिलेली तबकडी. हवा तो मजकूर मिळण्यास वाचणारें शीर्ष तेथवर सरकावें लागतें व तबकडीवरील तें स्थान फिरून त्याखालीं यावें लागतें. एसएसडींत फिरणारें कांहींच नाहीं. टोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनीं १९८७ मध्यें जगापुढें मांडलेल्या 'नॅंड फ्लॅश' जातीच्या चिपांत मजकूर विद्युद्भाराच्या रूपानें राहतो; त्यामुळें शोधाशोधीचा वेळ जवळजवळ उरत नाहीं.

परंतु दोहोंवरही मजकूर कप्प्याकप्प्यांनीं ठेविलेला असतो. आपणांस रोज दिसतो तो 'सी' हा एकच. त्याच्या आगेमागें, सहसा न दिसणारे, आणखी दोन-चार असतात. यंत्र सुरू होतांच विंडोज कोठें आहे हें सांगणारा ईएफआय कप्पा १०० ते २६० एमबींचा. विंडोजनें स्वतःसाठीं राखलेला १६ एमबींचा. बिघाड दुरुस्त करणारें 'रिकव्हरी' ज्यांत राहतें तो बहुधा ५०० एमबी ते १ जीबीचा. आणि पुष्कळ लॅपटॉपांत निर्मात्यानें विक्रीच्या वेळची सर्व स्थिति सांठवून ठेविलेला दहा-वीस जीबींचा. एचपीच्या पुष्कळ यंत्रांत एफ-११, एसुसच्या एफ-९, एसरच्या आल्ट व एफ-१० या कळांनीं, तर लेनोव्होच्या कित्येक यंत्रांत 'नोव्हो' नांवाच्या इवल्याशा बटणानें या शेवटच्या दोहोंकडे जातां येतें. पोथी उतरणाऱ्यानें संहिता तेवढी घ्यावी व अनुक्रमणी आणि पुष्पिका गाळावी, तसें पुतण्याच्या दुकानदारानें केलें. रोजच्या पाठास कांहीं अडलें नाहीं. शंका निघाली त्या दिवशीं पोथी मुकी झाली.

या दोन कप्प्यांची योग्यता मात्र सारखी नाहीं. निर्मात्याचा कप्पा यंत्रास खरेदीच्या दिवसाकडे नेतो. आमच्या यंत्राबरोबर विंडोज १० आलें होतें; त्याचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. तिकडे परत जाण्याची हौस आम्हांस नाहीं. विंडोजचा परवाना जाईल ही भीतिही व्यर्थ. २०१२ नंतरच्या बहुतेक तयार लॅपटॉपांत त्याची खूण डिस्कवर नसून मुख्य फलकाच्या स्मृतींत असते. विंडोजचें स्वतःचें रिकव्हरी मात्र हवेंच. तें नसेल तर 'माझे कागद राखून विंडोज नवें कर' हा मार्गच बंद होतो.

अखेर गेल्या महिन्यांत नातू व आम्ही मिळून कामास लागलों. जुनी डिस्क ५०० जीबींची, म्हणून नवी १ टीबीची, अडीच इंची, सॅटा जोडाची घेतली. नव्या लॅपटॉपांत एम-२ नांवाची लांबट पट्टी लागते, तेव्हां विकत घेण्यापूर्वीं आंत कोणता जोड आहे तें पाहावें. कुलवृत्तांताची स्वतंत्र प्रत प्रथम बाहेरच्या डिस्कवर काढली. याशिवाय आम्हीं स्क्रूला हात लावूं दिला नाहीं. मग डिस्क तपासून दोष नाहींत हें पाहिलें, विंडोजचें 'फास्ट स्टार्टअप' बंद केलें, बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून घेऊन त्याचें कुलूप पूर्ण उघडलें. तें उघडण्यासच एक अख्खी दुपार गेली.

प्रत काढण्यास क्लोनझिला हें तैवानांत तयार झालेलें मोफत साधन वापरलें. तें पेनड्राइव्हवरून चालतें, आणि कप्पा न निवडतां सबंध डिस्क निवडली म्हणजे लपलेले कप्पेही त्यांच्या ओळखीच्या खुणांसह जसेच्या तसे उतरतात. यांत एक जागा अति धोक्याची. मूळ कोणती व कोरी कोणती हें सांगतांना उलटें सांगितलें, तर कोरें पान पोथीवर उतरतें! क्लोनझिला दोनदां विचारतें. आम्हीं दोन्ही वेळां निर्मात्याचें नांव व आकार मोठ्यानें वाचावयास लाविलें. नातू हंसला, पण वाचलें. काम सव्वादोन तासांत झालें.

दोन्ही डिस्कांची ओळखखूण आतां एकच असल्यामुळें त्या एकदम जोडून विंडोज उघडणें बरें नव्हे. बॅटरी सोडवून जुनी काढली, नवी बसविली. नव्यावर उरलेली जागा रिकव्हरीच्या कप्प्यापलीकडे शेवटास पडली. मध्यें तो कप्पा असल्यामुळें 'सी' वाढेना. तो हलवून 'सी' वाढवितां येतो, असें नातू म्हणाला. आम्हीं मनाई केली. त्या जागेंत 'कुलवृत्तांत' नांवाचा वेगळा कप्पा केला.

यंत्र उघडलें, पण एवढ्यावर पुतण्यानेंही समाधान मानलें होतें. नातवानें 'रीएजंटसी' ही आज्ञा 'इन्फो' या पदासह दिली. उत्तर आलें कीं रिकव्हरी बंद आहे. तीच आज्ञा 'एनेबल' म्हणून दिल्यावर तें चालू झालें. मग यंत्र बंद करून नेमलेली कळ दाबली. दुरुस्तीचा निळा पडदा आला. त्यांतील एकाही पर्यायास न शिवतां परत फिरलों, व ३२ जीबींच्या पेनड्राइव्हवर रिकव्हरीची आणखी एक प्रत करून ठेविली.

जुनी डिस्क न पुसतां, तारीख लिहून, कपाटांत वंशावळींच्या कागदांशेजारीं ठेविली आहे. दिवाळीपर्यंत तिला कोणींही हात लावावयाचा नाहीं, असें घरांत सर्वांस सांगितलें आहे.