मक्यावरील पतंग आणि वाफ्यांतील यकृतका

आकुर्डीच्या शिवारांतील पुष्कळ जमीन कारखान्यांखालीं व वसाहतींखालीं गेली. ज्यापाशीं चार गुंठे उरले आहेत, त्यास औषधाचा एक पंपही वायां घालविणें परवडत नाहीं. म्हणून गेल्या पावसाळ्यांत माझ्या हातून घडलेली चूक वाचकांपुढें मांडतों. चाऱ्याच्या मक्याचे पोंगे कुरतडलेले दिसले. त्याच वाफ्यांत जमिनीवर हिरव्या, दुभंगत गेलेल्या चकत्या पसरल्या होत्या. मीं दोहोंचा संबंध जोडला व कीटकनाशक त्या चकत्यांवरच ओतलें. मका गेला, चकत्या तशाच राहिल्या. महसुलांत जन्मभर पीकपाहणी लिहिली, पण या वेळीं पाहण्याआधींच नोंद केली!

पोंगा खाणारी ती अमेरिकन लष्करी अळी. शास्त्रीय नांव स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. भारतांत ती २०१८ सालीं प्रथम कर्नाटकांत आढळली व त्याच वर्षीं महाराष्ट्रांत आली. पतंगाची मादी रात्रीं पुंजक्यांनीं अंडीं घालते. एकीचीं अंडीं हजारांवर जातात. अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण व शेपटाकडे चौकोनांत चार ठिपके असतात. दोनतीन आठवडे खाऊन ती मातींत कोषांत जाते व पतंग होऊन बाहेर पडते.

चकती ती रिक्सिया नामक यकृतका. तिला मूळ, खोड, फूल, बीज कांहींच नाहीं. केसांसारख्या तंतूंनीं ती मातीस चिकटते. सूर्यप्रकाशावर आपलें अन्न आपण करते, पिकास खात नाहीं.

आतां तुलना पाहा. नर पतंग मादीस गंधावरून शोधतो; म्हणून कामगंध सापळा उपयोगी पडतो. यकृतकेच्या नरपेशीस मात्र पाण्याच्या थरांतून पोहत जावें लागतें. पतंग पंखांनीं दूर जातो. रिक्सियाचे बीजाणू तिच्या अंगांतच तयार होऊन अंग कुजल्यावर मातींत मिसळतात. दोहोंचें नातें अगदींच नाहीं असें नव्हे: जपानांत एका प्राचीन कुळांतील पतंगांच्या अळ्या यकृतकांवरच पोसतात. मक्याच्या अळीचें तसें नाहीं.

तात्पर्य, अळीसाठीं अंड्यांचे पुंजके चिरडावे, आरंभींच पाच टक्के निंबोळी अर्क पोंग्यांत फवारावा व पीक निघाल्यावर खोल नांगरट करून कोष उन्हास व पांखरांस द्यावे. यकृतकेस औषध नको. ती वाफा सतत ओला असल्याची खूण आहे. चर काढून पाणी निचरूं द्यावें. आधीं पानाची पाठ व पोंगा उघडून पाहावा, मगच पंप खांद्यास लावावा.