अपस्मारातला अचानक मृत्यू : सांगावं की सांगू नये?

मागच्या वेळी आपण रुग्णाच्या जाणून घेण्याच्या हक्काविषयी बोलत होतो. आज त्यातलंच एक अवघड उदाहरण घेऊ. अपस्मार, म्हणजे फिट किंवा आकडी येण्याचा आजार. त्यात क्वचित असं घडतं, की रात्री झोपलेला माणूस सकाळी उठतच नाही. अपघात नाही, बुडणं नाही, शवविच्छेदनातही दुसरं कारण सापडत नाही. डॉक्टर याला ‘सुडेप’ म्हणतात.

प्रमाण किती? अपस्मार असलेल्या १००० प्रौढांमागे वर्षाला साधारण १. मुलांमध्ये ४५०० मागे १. मग लोक विचारतात, इतकं दुर्मीळ आहे तर सांगून घाबरवायचं कशाला? हा आक्षेप आपण हसण्यावारी नेऊ नये. हे ऐकल्यावर एखादी आई वर्षभर धड झोपणार नाही.

पण बघा, हजारात एक ही सरासरी आहे, आणि सरासरी कुणा एकाची नसते. ज्याच्या फिट्स थांबल्या आहेत त्याचा धोका फार कमी. ज्याला सर्वांग आखडून झटके देणारी मोठी फिट वर्षातून तीनदा किंवा जास्त येते, तीही रात्री, खोलीत एकटा असताना, त्याचा कितीतरी जास्त. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णालयात यंत्रांवर नोंदलेले असे मृत्यू तपासले. मोठ्या फिटनंतर आधी श्वास थांबला होता, मग हृदय. आणि बरेचसे रुग्ण पालथे होते. म्हणजे शेजारी कुणी असणं, कुशीवर वळवणं, याला अर्थ आहे. धोक्याचा एक भाग आपल्या हातातला आहे, आणि न सांगितल्यानं नेमका तोच हातचा जातो.

आपल्याकडे लपवण्याची सवय जुनी. हिंदू विवाह कायद्यातली अपस्माराची अट १९९९ साली निघाली, पण स्थळ बघताना अजून कुणी शब्द काढत नाही. मग सासरी गोळी चोरून घ्यायची, एखाद्या दिवशी राहून जायची. अशी चुकलेली गोळी फिट ओढवून आणते.

२०१७ साली अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगावं असाच सल्ला दिला. कसं, हे मात्र डॉक्टरांनी माणूस बघून ठरवावं. आम्हांला वाटतं, नुसता आकडा सांगू नये. “तुझा धोका कशानं कमी होईल” हे त्याच बैठकीत, त्याच दमात यावं. आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आईवडिलांमार्फत नाही, त्याला समोर बसवून. गोळी शेवटी त्यालाच घ्यायची असते.