नऊ सामने, नऊ विजय, आमंत्रण नाही

लंबगोल चेंडू छातीशी धरून धावायच्या अमेरिकन फुटबॉलचं मला वेड लागलं ते एका संघापायी. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ, १९५१. नऊ सामने खेळले, नऊही जिंकले, आणि मोसम संपल्यावर त्यांना कुणी बोलावलंच नाही.

नववर्षाच्या सुमाराला दक्षिणेत ऑरेंज बाउल, शुगर बाउल, गेटर बाउल हे मानाचे सामने होत. तिथे आमंत्रणावरच जाता येई. पैसाही तिथेच होता, आणि या विद्यापीठाला फुटबॉलचा तोटा झेपेनासा झाला होता.

सुरुवातीचे सामने भरभर ओलांडू या. सॅन होजे स्टेटला दोनदा लोळवलं, न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅमला ३२-२६ असं हरवलं. ऑली मॅटसनने त्या मोसमात चेंडू घेऊन १,५६६ यार्ड धाव घेतली, देशात सर्वाधिक. नोव्हेंबरात कॉलेज ऑफ पॅसिफिकचा ४७-१४ असा फडशा पाडला, तेव्हा आमंत्रण आता येणारच असं सगळे धरून चालले होते.

आली ती अट. मॅटसन आणि बर्ल टोलर या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना मागे ठेवून या. पुढे त्यांच्या सोबत्यांनी सांगितलं, की यावर मत घ्यायची वेळच आली नाही. दोघांना सोडून जायचं नाही, एवढंच ठरलं.

यावर एक वाद आहे. प्रतिस्पर्धीच दुबळे होते, म्हणून आमंत्रण नाही, असंही कारण दिलं गेलं. प्रतिस्पर्धी फार मातब्बर नव्हते, हे खरं. पण मॅटसन, जिनो मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर, या एकाच संघातले तिघे पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. शुगर बाउलच्या मैदानात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो थेट १९५६ साली. त्याच १९५१च्या ऑक्टोबरात ओक्लाहोमात जॉनी ब्राइट या कृष्णवर्णीय खेळाडूचा जबडा चेंडू जवळ नसताना फोडला गेला, आणि त्या क्षणाच्या छायाचित्रांना पुढे पुलित्झर पुरस्कार मिळाला. दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांची सबब मला पटत नाही.

मोसम संपला आणि विद्यापीठाने फुटबॉल बंद केला.

मॅटसनला कीर्ती मिळाली, १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पदकंही मिळाली. माझं मन मात्र टोलरपाशी अडतं. १९५२च्या उन्हाळ्यात शिकागोत महाविद्यालयीन निवडक संघाकडून ते व्यावसायिक विजेत्या लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध उतरले आणि गुडघा गेला. क्लीव्हलँड ब्राउन्सने निवडलेला हा गडी व्यावसायिक सामना एकही खेळला नाही. ते सॅन फ्रान्सिस्कोत शिक्षक झाले, मग मुख्याध्यापक. १९६५ साली एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगने त्यांना पंच नेमलं. लीगमधले ते पहिले कृष्णवर्णीय पंच.

त्यांचं काम मुख्य रेषापंचाचं. चेंडू जिथे ठेवलाय त्या ओळीत, मैदानाच्या कडेला उभं राहायचं, वेळेआधी कुणी रेष ओलांडतंय का यावर डोळा ठेवायचा. दहा यार्डांची साखळी घेऊन धावणारी माणसंही त्यांच्याच हाताखाली.

२४ नोव्हेंबर १९५१ला त्यांच्या संघाचा शेवटचा सामना लॉयोलाविरुद्ध पासाडेनाच्या रोझ बाउल मैदानावर झाला होता. तो त्यांनी २०-२ असा जिंकला. २० जानेवारी १९८०ला त्याच मैदानात एनएफएलचा अंतिम सामना, सुपर बाउल, झाला. लाखभर प्रेक्षक होते. एका बाजूला पिट्सबर्ग, दुसऱ्या बाजूला तेच रॅम्स. आणि कडेला, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सदऱ्यात, बर्ल टोलर.