मानेवरची जन्मजात गाठ: कापायची की टोचायची?

आजचा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचा वाटतो, त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

समजा, परंड्याकडच्या एका घरात बाळ जन्मलं. मानेच्या एका बाजूला लिंबाएवढी मऊ गाठ. दाबली तर दबते, दुखत नाही. आजी म्हणते, बिब्बा घाला. शेजारी म्हणतात, मोठ्या दवाखान्यात नेलं तर लेकराचा गळा कापतील. या दोन्हींच्या मध्ये महिने जातात. खरं तर तिसरा रस्ता असतो, आणि तोच आज समजून घेऊ.

आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांसारख्याच लसिकेच्या बारीक नळ्या असतात. गर्भात त्यांची जोडणी नीट झाली नाही, की द्रव साचून पिशव्या तयार होतात. याला पूर्वीपासून सिस्टिक हायग्रोमा म्हणतात. आताचं नाव लिम्फॅटिक मालफॉर्मेशन. हा कॅन्सर नाही. आईनं गरोदरपणी ग्रहण पाहिलं म्हणूनही हे होत नाही.

मग ऑपरेशन का टाळायचं? कारण ही गाठ मानेतल्या नसा आणि रक्तवाहिन्यांभोवती वेलीसारखी पसरते. सगळी काढायला जावं तर नसेला इजा होऊ शकते. थोडी राहिली तर पुन्हा वाढते. नुसतं पाणी काढलं तर पिशवी परत भरते.

इथे कामाला येते स्क्लेरोथेरपी. सोनोग्राफीत बघत सुई आत घालतात, द्रव काढून घेतात आणि औषध सोडतात. लहान मुलांना त्यासाठी बहुधा भूल देतात. औषधानं पिशवीच्या आतल्या अस्तराला सूज येते, भिंती एकमेकींना चिकटतात आणि गाठ आक्रसते. पहिले काही दिवस गाठ उलट मोठी दिसते, ताप येऊ शकतो. घाबरायचं नाही, पण डॉक्टरांना कळवायचं. फरक दिसायला काही आठवडे लागतात, आणि बऱ्याचदा एकाहून जास्त वेळा टोचावं लागतं.

आपल्याकडे त्यासाठी ब्लिओमायसिन बरंच वापरतात. जपानमध्ये १९६०च्या दशकात सापडलेलं हे औषध कॅन्सरवरही देतात, म्हणून नाव ऐकून आई-वडील दचकतात. इथे मात्रा कमी आणि वजनानुसार असते. तरी फुप्फुसांवर परिणामाची शक्यता लक्षात ठेवून एकूण मात्रेचा हिशेब ठेवतात. जपानमध्येच १९८७ साली ओके-४३२ या औषधाचा या गाठींवरचा गुण जगासमोर आला.

आता मर्यादा. मोठ्या पिशव्यांना गुण चांगला येतो. बारीक-बारीक पिशव्यांच्या गाठीला कमी. गाठ जिभेखाली किंवा श्वासनलिकेजवळ असेल, तर टोचल्यावरच्या सुजेनं श्वास अडू शकतो. म्हणून हे अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच करायचं.

आणि प्रत्येक गाठ ही नसते, बरं का. गळ्याच्या मधोमध असलेली, जीभ बाहेर काढली की वर सरकणारी गाठ थायरोग्लॉसल सिस्ट असू शकते. तिला सहसा ऑपरेशनच लागतं, आणि त्याआधी थायरॉईड ग्रंथी आपल्या जागी आहे ना, हे सोनोग्राफीत पाहतात. बाजूची गाठ कधी ब्रँकियल सिस्ट निघते, कधी टीबीची. चाळिशीनंतर, त्यातही तंबाखू खाणाऱ्याला, मानेत नवी गाठ आली तर ‘जन्मजात असेल’ म्हणून सोडू नका. आधी कॅन्सर नाही याची खात्री करा. म्हणजे आधी निदान, मग सुई.

जायचं कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतं. पण त्याची वाट बघू नका. धाराशिवच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा, बालशल्यचिकित्सकाकडे चिठ्ठी मागा. तिथे तीन गोष्टी विचारा: गाठ नेमकी कोणती? पिशव्या मोठ्या की बारीक? श्वासाला धोका आहे का?

बिब्बा, डाग, पोटीस नको. त्यानं जखम होते, जंतू शिरतात आणि गाठ वाढते. बाळाच्या श्वासात घरघर आली, दूध पिताना ते गुदमरलं किंवा गाठ तापासोबत झपाट्यानं फुगली, तर सकाळ होईपर्यंत थांबू नका. १०८ लावा.

आजच्या भागात एवढंच. घरात, गल्लीत असं लेकरू असेल, तर त्याच्या आईला हे वाचून दाखवा.