अंतराळातील कचरागाडी

अंतराळयानाच्या कप्तानाचे काम कोणते, असे कोणी विचारले तर तुम्ही काय सांगाल? नव्या ग्रहांचा शोध घेणे, परग्रहावरच्या प्राण्यांशी बोलणी करणे, शत्रूच्या यानांशी झुंज देणे! पण १९७७ साली अमेरिकेतील एनबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने एक वेगळाच कप्तान प्रेक्षकांपुढे आणला. त्याचे नाव अ‍ॅडम क्वार्क, आणि त्याचे काम आकाशगंगेतला कचरा गोळा करण्याचे!

‘क्वार्क’ ही विनोदी मालिका बक हेन्री यांच्या कल्पनेतून निघाली. क्वार्कची भूमिका रिचर्ड बेंजामिन यांनी केली होती. मालिकेचे नाव अर्थातच मूलकणांवरून घेतलेले. क्वार्कचे सहकारीही मोठे गमतीचे होते. हुबेहूब एकीसारखी दुसरी अशा दोन बेटी यानावर होत्या. ‘मी खरी, ही माझी प्रतिकृती’ असे दोघीही सांगत. फायकस हा तर माणसासारखा दिसणारा वनस्पतिजीव. (वड, पिंपळ आणि उंबर ज्या प्रजातीत मोडतात, तिचे शास्त्रीय नाव फायकस, हे तुम्हाला ठाऊक असेलच.) मे १९७७ मध्ये पहिला नमुना-भाग दाखवला गेला. फेब्रुवारी १९७८ मध्ये मालिका नियमित सुरू झाली आणि एप्रिलमध्ये बंदही पडली. सारे मिळून अवघे आठ भाग!

विनोद आणि विज्ञान

योगायोग असा, की त्याच वर्षी जूनमध्ये ‘नासा’चे डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पॅले यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याचाही विषय अंतराळातील कचरा हाच होता. मात्र त्यात विनोद नव्हता. पृथ्वीभोवती निकामी उपग्रह, अग्निबाणांचे रिकामे टप्पे आणि त्यांचे तुकडे वाढत गेले, तर ते एकमेकांवर आदळू लागतील; प्रत्येक टकरीतून नवे तुकडे होतील, ते आणखी टकरी घडवतील आणि ही साखळी वाढत जाईल, असे त्यांनी गणिताने दाखवले.

हे गणित तुम्हालाही करता येईल. वर्गातील १० मुलांनी एकमेकांशी हस्तांदोलन केले तर ४५ हस्तांदोलने होतात. मुले १०० असतील तर ४,९५०! मुले दहापट झाली, पण जोड्या झाल्या ११० पट. अंतराळातही टक्कर दोन वस्तूंचीच होते. म्हणून वस्तू दहापट वाढल्या की टकरीची शक्यता सुमारे शंभरपट वाढते. १९७८ च्या सुमारास रडारने माग ठेवलेल्या वस्तू सुमारे चार हजार होत्या. आज नुसते एक सेंटीमीटरहून मोठे तुकडेच दहा लाखांहून अधिक असावेत, असा युरोपीय अंतराळ संस्थेचा अंदाज आहे.

वाटाण्याएवढा तुकडा

पण एक सेंटीमीटरचा तुकडा तो काय, असे तुम्ही म्हणाल. तर मग गतिज ऊर्जेचे सूत्र आठवा. ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ८०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला सुमारे ७.५ किलोमीटर असतो. वेगवेगळ्या दिशांनी जाणाऱ्या दोन वस्तूंचा सापेक्ष वेग सहज १० किलोमीटरपर्यंत जातो. अ‍ॅल्युमिनियमचा वाटाण्याएवढा तुकडा सुमारे एक ग्रॅम भरतो. सूत्रात हे आकडे घाला. उत्तर येईल ५०,००० ज्यूल. हजार किलोग्रॅमची मोटार ताशी ३६ किलोमीटर वेगाने आदळली, तर तिची ऊर्जाही नेमकी एवढीच!

१९८३ साली ‘चॅलेंजर’ यानाच्या खिडकीच्या काचेला रंगाचा एक टवका लागला. टवका एक मिलिमीटरहूनही लहान, पण काचेत खळगा पडला आणि ती बदलावी लागली. १० फेब्रुवारी २००९ रोजी तर सैबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचा ‘इरिडियम ३३’ आणि रशियाचा निकामी झालेला ‘कॉसमॉस २२५१’ हे उपग्रहच एकमेकांवर आदळले. त्यातून माग ठेवण्याजोगे दोन हजारांहून अधिक तुकडे झाले.

कचरा उचलता का येत नाही?

क्वार्क आपले यान कचऱ्याच्या पिशवीजवळ नेई आणि ती उचली. खऱ्या अंतराळात हे इतके सोपे का नाही?

दोन सायकलस्वार एकाच दिशेने, एकाच वेगाने जात असतील, तर ते हातात हात घालूनही जाऊ शकतात. समोरासमोर येत असतील तर मात्र नाही. म्हणजे तुकडा पकडायचा तर आपले यान त्याच्याच कक्षेत, त्याच्याच दिशेने जायला हवे. पण प्रत्येक तुकड्याच्या कक्षेचे प्रतल वेगळे. एकाकडून दुसऱ्याकडे जायचे, तर दिशा बदलायला हवी. रस्त्यावरची गाडी टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणामुळे वळते. अंतराळात रस्ताच नाही! तिथे इंधन जाळून वायू बाहेर फेकावा लागतो.

तो किती? कागदावर एका बिंदूतून ७.५ सेंटीमीटरच्या दोन रेषा ६० अंशांच्या कोनात काढा. एक रेषा म्हणजे यानाचा आताचा वेग, दुसरी म्हणजे हवा असलेला वेग. दोन्हींची टोके जोडा. त्रिकोण समभुज झाला ना? म्हणजे तिसरी बाजूही ७.५ सेंटीमीटर. याचा अर्थ, कक्षेचे प्रतल ६० अंशांनी वळवायला सेकंदाला ७.५ किलोमीटरचा वेगबदल लागतो, म्हणजे कक्षेत फिरण्याच्या पूर्ण वेगाएवढा! अवघ्या १० अंशांसाठीही १.३ किलोमीटरचा बदल हवा. क्वार्कचे इंधन दोनचार पिशव्यांतच संपले असते.

मग उपाय काय?

पहिला उपाय निसर्गाचा. ४०० किलोमीटरच्या आसपास अतिविरळ हवा असते. तिच्या विरोधाने तुकडे काही वर्षांत खाली येतात आणि बहुतेक जळून जातात. सगळे मात्र जळत नाहीत. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या आकाशात अग्निरेषा दिसल्या आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे पडले. ते चिनी अग्निबाणाचा भाग असावे, असे खगोलअभ्यासकांचे मत पडले. ८०० किलोमीटरवरचे तुकडे तर शेकडो वर्षे फिरत राहू शकतात. आणि पृथ्वीची छायाचित्रे घेणारे कित्येक उपग्रह याच पट्ट्याच्या आसपास फिरतात. हा पट्टा निकामी झाला, तर पिके, पूर आणि जंगले यांची माहिती मिळण्याचा मार्गच खुंटेल.

म्हणून दुसरा उपाय माणसाचा : कचरा करायचाच नाही. भारताच्या ‘इस्रो’ने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘कार्टोसॅट-२’ हा जुना उपग्रह उरलेले इंधन वापरून कक्षा खाली आणल्यानंतर वातावरणात उतरवला. २०३० पर्यंत भारताची सर्व उड्डाणे कचरामुक्त करण्याचे उद्दिष्टही त्याच वर्षी जाहीर झाले. प्रत्यक्ष कचरा उचलण्याचे प्रयोगही चालू आहेत. २०१८ साली ‘रिमूव्ह-डेब्रिस’ या यानाने अंतराळात जाळे फेकून एक वस्तू पकडून दाखवली; मात्र ती त्यानेच चाचणीसाठी सोडलेली होती.

शेवटी एक उदाहरण तुमच्यासाठी. सेकंदाला ७.५ किलोमीटर वेगाचे दोन उपग्रह एकमेकांना काटकोनात छेदत असतील, तर त्यांचा सापेक्ष वेग किती? पायथागोरसचा सिद्धांत वापरा. उत्तर आले, की त्यावरून एक ग्रॅम तुकड्याची ऊर्जा काढा आणि आपल्या शिक्षकांना दाखवा.