लाटांच्या वरून धावणारी गस्तनौका

छोट्या युद्धनौकेचा पहिला शत्रू म्हणजे समुद्रच. खवळलेल्या पाण्यात वेग आवरता घ्यावा लागतो आणि हेलकावणाऱ्या डेकवरून नेम साधणं मुश्कील होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी नौदलाने यावर हायड्रोफॉइलचा, म्हणजे पाण्याखालच्या पात्यांवर नौका उचलून धरण्याचा, उपाय करून पाहिला. त्या प्रयोगांतली सर्वांत देखणी नौका, माझ्या मते, बोइंगने बांधलेली ‘टुकमकॅरी’. 1968 मध्ये ती नौदलात आली.

लांबी जेमतेम 22 मीटर. तळाला तीन खांब, एक पुढे आणि दोन मागे. त्यांच्या टोकांना विमानाच्या पंखांसारखी पाती. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन, त्यामुळे पुरेसा वेग आला की ही छोटी पातीही अख्खी नौका उचलून धरतात. तळ पाण्याबाहेर निघताच पाण्याचा विरोध एकदम घटतो. मग 40 नॉटच्या, म्हणजे ताशी 74 किलोमीटरच्या पुढे जाता येतं. असं उडताना नौकेला ढकलायला पंखा नव्हताच. गॅस टर्बाइनवरचा पंप पाणी ओढून जोराने मागे फेकायचा.

खरी करामत नियंत्रणात होती. पूर्ण बुडालेली पाती स्वतःहून तोल सांभाळत नाहीत. म्हणून पुढच्या टोकाचा ध्वनिसंवेदक पाण्यापासूनची उंची सतत मोजायचा, जायरो नौकेचा कल टिपायचे आणि त्यानुसार पात्यांवरच्या झडपा आपोआप हलत राहायच्या. लाटा खालून निघून जायच्या, डेक बराचसा स्थिर राहायचा. तोफखान्यासाठी हीच मोठी कमाई.

शस्त्रं तशी नेहमीचीच: पुढे 40 मिलिमीटरची बोफोर्स तोफ, दोन जोड-मशीनगन, मागे 81 मिलिमीटरची मॉर्टर. 1969 मध्ये ‘फ्लॅगस्टाफ’ या दुसऱ्या हायड्रोफॉइलसोबत ती व्हिएतनामच्या किनाऱ्यावर गस्तीला गेली. ‘फ्लॅगस्टाफ’वर तर पुढे चाचणीसाठी शेरिडन रणगाड्याची 152 मिलिमीटरची तोफ बसवून पाहिली.

1972 मध्ये प्वेर्तो रिकोजवळ प्रवाळखडकावर आदळून ‘टुकमकॅरी’ निकामी झाली. पण तिच्या आराखड्यावरून इटलीने ‘स्पार्व्हिएरो’ बांधली आणि अमेरिकेत ‘पेगासस’ वर्गाच्या सहा नौका आल्या. त्यांवर 76 मिलिमीटरची तोफ होती आणि आठपर्यंत हार्पून क्षेपणास्त्रं नेता येत. एवढ्या छोट्या नौकेवर हा मारा जबरदस्तच. मात्र पाती ठरावीक वजनच पेलतात. वाढीव इंधन वा नवी शस्त्रं चढवायला फारसा वाव उरत नाही. त्यात देखभाल खर्चिक. 1993 मध्ये त्या सहाही नौका सेवेतून काढण्यात आल्या.