आई गेली की शाळाही जाते

बेंगळुरूच्या मारतहळ्ळीत आपल्यापैकी बरेच जण आयटीच्या नोकरीसाठी राहतात. आपली ऑफिसं आणि सोसायट्या बांधणारी कुटुंबं मात्र पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. त्यातली अनेक रायचूर, यादगीर, कलबुर्गीकडून आलेली. अशा घरातली बाई बाळंतपणात दगावली, तर मुलांचं पुढे काय होतं? आज तेच समजून घेऊ.

शिक्षण, आरोग्य, कौशल्य ही माणसात साठलेली ठेव. अर्थशास्त्र तिला ‘मानवी भांडवल’ म्हणतं. बांगलादेशातल्या मतलब भागातल्या १९८२ ते २००५ च्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. आई हयात असलेल्या मुलांची दहा वर्षांपर्यंत जगण्याची शक्यता ८९ टक्के होती, तर आई वारलेल्या मुलांची फक्त २४ टक्के! सगळ्यात मोठा फटका तान्ह्यांना बसला. मुलं जगली तरी चूल आणि धाकटी भावंडं बहुधा थोरल्या मुलीच्या गळ्यात पडतात आणि तिची शाळा सुटते.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. बाळंतपणात बायका मरतातच, असं जिथे गृहीत धरलं जातं, तिथे मुलीच्या शिक्षणावर पैसा घालताना आईबापांचा हात आखडतो. श्रीलंकेत १९४६ ते १९५३ या काळात मातामृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी घटले. त्यामुळे मुलींची शिक्षणाची वर्षं जवळपास ४ टक्क्यांनी वाढली, असं अर्थतज्ज्ञ सीमा जयचंद्रन आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने दाखवलं. म्हणजे दवाखाना सुधारला आणि शाळा भरली!

आपल्याकडेही सुधारणा झाली. भारतात २००१-०३ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता दगावत; २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ वर आला. पण तेव्हा महाराष्ट्रात तो ३३ होता आणि कर्नाटकात ६९. नुसती सीमा ओलांडली की धोका दुप्पट.

अतिरक्तस्राव आणि वाढलेला रक्तदाब ही मृत्यूची मोठी कारणं. त्यांवर उपचार आहेत, पण ते वेळेत मिळायला हवेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. काम संपलं की मजुरांचा मुक्काम हलतो आणि तपासण्या चुकतात. म्हणून कर्नाटकातलं ‘तायी कार्ड’ बाईने सोबत ठेवायला हवं.

तुमच्या इमारतीच्या कामावर कुणी गर्भवती असेल, तर एवढंच विचारा : ‘कार्ड काढलंय का?’ त्या प्रश्नात तिच्या मुलीची शाळाही आहे.